फजितीचा तास

वरवंडच्या पुढं महामार्ग सोडून आत वळलं की एक सहकारी साखर कारखाना लागायचा. नाव सांगत नाही, तेवढी लाज राखायला हवी. त्याच्या ऑफिसात, जिन्याखाली, पूर्वी जिथं रिकामी पोती रचून ठेवत तिथं ईडीपी खातं होतं. खातं म्हणजे काय, तर दोन कॉम्प्युटर, दिवसभर करकर करणारा एक प्रिंटर आणि संपत तात्याबा कोकरे. खात्याचा साहेब तोच, कारकून तोच, आणि उंदरानं वायर कुरतडली तर टेप लावणाराही तोच.

तात्याबानं तरुणपणी मेंढरं राखली. पुढं पाटसच्या बाजूला कालव्याचं पाणी मिळालं तसा ऊस लावून तो एका जागी बसला. पोरगा दौंडच्या कॉलेजात बी.एस्सी. झाला, पुण्यात वर्षभर कॉम्प्युटरचा कोर्स करून आला आणि चौऱ्याण्णव साली कारखान्यात चिकटला. तोवर तोडणीची पाळी वहीत चालायची. संपतनं ती कॉम्प्युटरवर, फॉक्सप्रो नावाच्या भाषेत बसवली.

पाळी म्हणजे काय, हे ज्याच्या रानात कधी ऊस उभा राहिला नाही त्याला कळायचं नाही. ज्यानं ऊस आधी लावला, म्हणजे ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. एवढा साधा नियम, आणि साधा म्हणूनच जो तो मोडायला टपलेला! तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटतं, पुढचं पीक हुकतं. संपतनं प्रोग्रॅम लिहिताना मधेच कुणाला घुसवायची सोयच ठेवली नाही. चेअरमनचा साडू आला, त्याला हात जोडले. स्वतःचा सख्खा मामा हौसराव चिठ्ठी घेऊन आला, त्यालाही "मामा, मशीन ऐकत न्हाई माझं" म्हणून चहा पाजला आणि वाटेला लावलं. मामा वर्षभर बोलला नाही. न बोलला तर न बोलला, पण संपतनं पाळीत हात घातला असं कुणी म्हणू शकत नव्हतं, आणि या गोष्टीचा त्याला मनातून ताठा होता.

सत्त्याण्णव साली कारखान्यानं त्याला पुण्याला एका परिषदेला पाठवलं. सहकार आणि संगणक असं काहीतरी नाव होतं. आहाहा, काय ती परिषद! थंडगार हॉल, गळ्यात नावाची पाटी, हातात चकचकीत पिशवी. एकामागून एक कोटवाले वर चढले आणि आमचं तयार प्रोग्रॅमांचं पॅकेज कसं सगळं करतं ते इंग्रजीतून सांगून खाली उतरले. तीनशे माणसं बसलेली आणि एकाच्याही प्रोग्रॅममध्ये म्हणे चूक नाही! दुपारपर्यंत संपत मान खाली घालून बसला. सबंध महाराष्ट्रात ज्याची नोंदी शोधायची इंडेक्स फाइल फुटते असा गाढव मी एकटाच, असं त्याला वाटायला लागलं.

जेवणानंतर तो उठून जिन्यात गेला. तिथं पायरीवर एक आडव्या बांध्याचा माणूस तंबाखू मळत बसला होता. सोलापूरकडच्या एका बाजार समितीत कॉम्प्युटर सांभाळायचा, नाव पोपटराव.

"आत काय कळतंय का तुमाला?" पोपटरावानं विचारलं.

"न्हाई."

"मला बी न्हाई. माझा तर रोज सकाळी इंडेक्स उडतोय, त्यावर कुनी बोलतच न्हाई."

संपतनं तिथंच बैठक मारली. मग आणखी एकजण आला, मग दोघं. निमोण्याचा रविराज त्यातलाच. हा शिरूरच्या एका दूध संस्थेत प्रोग्रॅमर होता. उंच, गोरा, बोलायला लागला की समोरच्याला हसू आवरू नये असा. त्यानं आल्या आल्या सांगितलं की गावांचे नंबर टाकताना त्यानं एक आकडा चुकवला आणि चार दिवस सगळ्या निमोण्याचं म्हशीचं दूध गाईचं म्हणून चढलं. "आन् पयली तक्रार कुनाची? माझ्या सख्ख्या चुलतीची! सरूबाई किटली घेऊन हापिसात आली आन् म्हनली, माझी म्हस गाय केली ती कुनी, त्याला दावा!" दूध संस्थेत हे आजतागायत कुणाला माहीत नव्हतं. रव्यानं गुपचूप दुरुस्त केलं होतं. पायरीवर पाचजण पोट धरून हसले. पण हसता हसता पोपटरावानं विचारलं, "पन मंग तपासनी कशी लावली?" आणि रव्यानं पिशवीच्या पाठीवर लिहून दाखवलं. संपतला दोन दिवसांत शिकायला मिळालं ते एवढंच, आणि ते जिन्यात मिळालं.

परत येताना गाडीत त्याचं डोकं एकाच जागी फिरत होतं. माणसं एवढी लांबून येतात, बसायला गादी, जेवायला चार भाज्या, आणि तरी मजा येत नाही. मग जिन्यात का आली? तिथं कुणी फुशारकी मारत नव्हतं म्हणून. आपल्यापेक्षा हुशार माणसानं "माझं बी असंच झालं" म्हटलं की छातीवरचा धोंडा उतरतो, आणि मग शिकायला जागा होते.

झालं! पुढच्याच मे महिन्यात, गाळप संपल्यावर, संपतनं पोस्टकार्डं टाकली. दौंडलाच मेळावा, कारण दौंड जंक्शन. सोलापूर, नगर, पुणे, कुठूनही गाडी येते. स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर एक शाळा होती, सुट्टीमुळं रिकामी. बाकं सरकवून गोल मांडली, म्हणजे कुणी पुढं नाही आणि कुणी मागं नाही. विकणारा माणूस आत घ्यायचा नाही. चहाची सुट्टी पाऊण तासाची, कारण खरं बोलणं चहालाच होतं. जेवायला पिठलं, भाकरी, ठेचा, गरम. लाइट गेली तर फळ्यावर चालू. ज्याचं जे अडलंय ते सकाळीच फळ्यावर लिहायचं, आणि संध्याकाळी गाडी धरायच्या आत ज्यानं त्यानं सोमवारी करायचं एक काम खिशात घालून जायचं.

आणि जेवणाआधी एक तास फजितीचा. दार लावायचं. कुणी काही लिहायचं नाही. वर्षातली स्वतःची सगळ्यात मोठी चूक सांगायची, स्वतःचीच. आणि खोलीतली गोष्ट खोलीत ठेवायची, बायकोलासुद्धा सांगायची नाही. ही शेवटची अट रविराजनंच सुचवली होती, बरं का! संपतच्या मनात ती आलीच नव्हती, कारण बाहेर कोण कशाला सांगेल, हेच त्याला कळलं नाही.

पहिल्या वर्षी एकोणीसजण आले, तिसऱ्या वर्षी अठ्ठावन्न. एका पतसंस्थेच्या पोरानं कबूल केलं की त्याच्या प्रोग्रॅमनं मयत सभासदांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या. पुण्याचे एक प्राध्यापक पाहुणे म्हणून आलेले, ते चकित झाले. म्हणाले, "कोकरे, इथं लोक एवढे हसतात कसे?" संपत म्हणाला, "सर, पुण्याला मान्सं हुशार दिसायला येत्यात. हितं हुशारी चपलांजवळ ठिवून आत येत्यात." त्या एका दिवसासाठी संपत वर्षभर जगायचा म्हटलं तरी चालेल. त्याची बायको सुषमा म्हणायची, "आमच्या घरात दिवाळी नोव्हेंबरात न्हाई, मे महिन्यात असती."

रविराज दर वर्षी आदल्या दिवशीच न्हावऱ्यावरून एस.टी.नं यायचा. दोघं मिळून बाकं लावायचे, फळा पुसायचे. संपतच्या घरी त्याचं ताट ठरलेलं. तात्याबा त्याला "निमोण्याचा पाव्हना" म्हणायचा आणि सुषमा त्याच्यासाठी लसणीची चटणी वेगळी बांधून ठेवायची. असा दोस्त. सांगायचं एवढ्यासाठी की पुढचं ऐकताना तुम्ही म्हणाल, संपतला माणूस ओळखता आला नाही. तुम्हाला तरी आला असता का?

आता चूक ऐका. नव्व्याण्णव साली संपतनं प्रोग्रॅममध्ये एक नवी सोय केली. म्हातारे शेतकरी लागणीची तारीख इंग्रजी महिन्यात सांगत नाहीत. "गिराण लागलं त्या अमुशाला," "बेंदूर झाल्यावर चौथ्या दिशी," असं सांगतात. शेतकी खात्याची माणसं अंदाजानं काहीतरी तारीख ठोकायची. संपतच्या बापालाच जुलै कुठला आन् ऑगस्ट कुठला हे कधी उमगलं नव्हतं. म्हणून संपतनं तिथी टाकली की तारीख काढून देणारा तक्ता बसवला. आदल्या वर्षीचं पंचांग घेतलं, तिथी दर साली अकरा दिवस मागं सरकते हे हिशेबात धरलं, चार ठिकाणी ताडून पाहिलं आणि खूश झाला. पण त्या साली ज्येष्ठ अधिक होता. अधिक महिना धरायचा राहूनच गेला, आणि ताडून पाहिलेल्या चारही तिथ्या नेमक्या त्याच्या आधीच्या! झालं काय, तर ज्यांनी ज्यांनी आषाढातली तिथी सांगितली त्या सगळ्यांची लागण प्रोग्रॅमनं महिनाभर आधीची धरली. असे एकशे त्रेचाळीस शेतकरी.

कळलं ते दीड वर्षानं, दोन हजार सालच्या डिसेंबरात, ऐन गाळपात. तात्याबा सकाळी कारखान्यावर आला आणि म्हणाला, "पोरा, आपल्या रानात तोडायला टोळी आली. ऊस तर अजून कवळा हाय. औंदा लवकर कशी काय?" संपतनं यादी उघडली आणि आषाढातल्या तिथ्या एकेक करून पंचांगाशी ताडून पाहिल्या. बासष्ट जणांचा ऊस आधीच तुटला होता, त्या दिवशी तोडायला घेतलेला बापाचा धरून. बाकीच्या एक्क्याऐंशी तारखा त्यानं तिथंच बसून दुरुस्त केल्या. मधल्या मधे इतरांची पाळी आठ, दहा, बारा दिवस पुढं गेली होती, ती काही परत आणता येत नव्हती. त्यानं कारखान्यात कुणाला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. हे तो स्वतःच नंतर शंभर वेळा म्हणाला. पण भ्याला. पाळीत हात न घालणारा संपत म्हणून जी काय अब्रू होती ती एका दिवसात जाईल, असं वाटलं.

पाच महिने त्यानं ते पोटात ठेवलं. मे महिन्यात फजितीच्या तासाला तो उठला आणि ग्रहणाची अमावस्या, अधिक महिना, बापाचा कोवळा ऊस, सगळं ओकून मोकळा झाला. आधी पोपटराव फसकन हसला आणि सगळी खोली हसली. "देवा! कारखान्यानं पंचांगवाला ठिवायला पायजे!" मग हसू ओसरल्यावर त्यांनी येत्या वीस वर्षांचे अधिक महिने फळ्यावर मांडले. आणखी दोघांना तिथंच कळलं की त्यांच्या प्रोग्रॅममध्येही हीच चूक वाट बघत बसलीय. संध्याकाळी स्टेशनावर रविराजनं संपतच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "संपत्या, बरं केलंस सांगितलंस. लई दिवस कुढत होतास." संपतच्या डोळ्यांत पाणी आलं.

ऑगस्टात रविराजनं दूध संस्था सोडली आणि पुण्याच्या एका कंपनीत गेला. कारखान्यांना पॅकेज विकणारी कंपनी. संपतला फोनवर सांगितलं तेव्हा संपतनं ऑफिसात पेढे वाटले. ऑक्टोबरात बॉयलर पेटायच्या आधी कळलं, की त्याच कंपनीचा माणूस संचालक मंडळापुढं पॅकेज दाखवायला येणार, आणि तो माणूस म्हणजे रविराज. संपतला आपलं खातं जाईल ही भीती वाटली नाही का? वाटली थोडी. पण त्याला वाटलं, रव्या आहे, आपल्याला धरूनच काय ते करेल. सकाळी त्यानं स्वतः हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला, वायरी टेपनं चिकटवल्या, टेबलावर पाण्याचा तांब्या भरून ठेवला. रविराज टाय लावून आला. संपतनं टायकडं बघून डोळा मारला. रविराजही हसला, पण लगेच कागद चाळायला लागला.

कार्यकारी संचालक, चेअरमन आणि सगळे संचालक बसले. रविराज उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, कामाचं नंतर. आधी एक फजिती सांगतो."

मागं भिंतीला टेकून उभा असलेला संपत आधीच हसायला लागला. त्याला वाटलं, आता सरूबाईची म्हैस येणार.

"एका कारखान्यात एक हुशार प्रोग्रॅमर होता," रविराज म्हणाला. "त्यानं घरीच प्रोग्रॅम केला. तिथीवरून तारीख काढायचा. पण पठ्ठ्या अधिक महिना विसरला!"

संपतचं हसू ओठांवरच राहिलं. रविराज सांगत गेला, तीच अमावस्या, तेच ग्रहण, तेच एकशे त्रेचाळीस, आणि "त्याचा बापच येऊन म्हणतो, ऊस कवळा हाय!" हे तर त्यानं तात्याबाच्या आवाजात म्हटलं. त्याच तात्याबाच्या पंगतीला हा चार वर्षं जेवला होता! संचालक खो खो हसले. मेळाव्यात जिथं जिथं हसू यायचं बरोबर तिथं तिथं आलं.

मारुतराव तेवढे हसले नाहीत. मोठे बागायतदार, जुने संचालक, उसाची एकेक तारीख तोंडपाठ. त्यांनी चष्मा काढला. "गिराण नव्व्याण्णवच्या ऑगस्टातलं. म्हंजी तोड गेल्या गाळपाला. गेल्या साली माझा ऊस बारा दिवस रखडला आन् शेतकी खातं म्हनलं, कॉम्प्युटरची पाळी हाय. कुठला कारखाना म्हनायचा हा?"

"नाव घेणं बरं नव्हे, मारुतराव," रविराज म्हणाला आणि पाणी प्याला.

कार्यकारी संचालक मागं वळले. "कोकरे, आपल्याकडं असलं काही झालेलं नाही ना?"

नाही म्हटलं असतं तर? पुरावा कुठं होता? तारखा दुरुस्त होत्या, कागद रद्दीत गेले होते. पण संपतला खोटं जमलं नाही. "व्हय साहेब," तो म्हणाला. "ती चूक माझीच हाय."

मारुतरावांनी शांतपणे विचारलं, "त्या एकशे त्रेचाळीसात तुमच्या समाजाचे किती?"

संपतला प्रश्न कळायला वेळ लागला. तिथी सांगणारे कोण? मेंढरं सोडून उसाकडं आलेले म्हातारे, म्हणजे त्याच्याच जातीचे, त्याच्याच भावकीतले. "शंभराच्या वर असतील," तो म्हणाला.

"आन् वडलांचं नाव?"

"हाय."

मारुतरावांनी चष्मा परत लावला. संपतनं आपल्या माणसांची तोड आधी घेतली, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं. विचारायला उरलं तरी काय होतं?

बाहेर गाडीजवळ संपतनं रविराजला गाठलं. "रव्या, हे काय केलंस?"

"अरे, नाव घेतलं का मी तुझं? तूच उठलास! गप बसला असतास तर कुणाला कळणार होतं?"

"खोलीतली गोष्ट होती ती. अट तूच घातली होतीस."

"संपत, गोष्ट रंगवल्याशिवाय ही लोकं ऐकत न्हाईत, ते तूच शिकवलंस मला. दुसऱ्या तीन कारखान्यांत बी सांगितली, कुणी ओळखली न्हाई. आपली वळख वेगळी, धंदा वेगळा." आणि त्यानं दार ओढून घेतलं. काच खाली करून वर म्हणाला, "सुषमावहिनींना नमस्कार सांग."

चौकशी झाली. मुद्दाम केलं असं कागदावर कुणी लिहिलं नाही, पण संपतला वजनकाट्यावर टाकलं. दिवसभर उसाच्या गाड्यांचं वजन घ्यायचं, पावती फाडायची. जिन्याखाली कंपनीची माणसं आली आणि फॉक्सप्रो पुसून टाकलं.

हेही एक वेळ सोसलं असतं. पण कळस झाला तो घरी. बातमी वाड्यावस्त्यांवर फिरली आणि एका सकाळी भावकीतला दगडोबा, मामा हौसराव आणि पाचसहा म्हातारे नारळ घेऊन दारात उभे! चिठ्ठी घेऊन परत गेलेला तोच हौसराव भाच्याच्या गळ्यात पडला. "मामाला मशीन ऐकत न्हाई म्हनलास, आन् आतनं सगळ्यांचं काम केलंस की रं! आमी उगीच तुला वंगाळ बोललो."

"मामा, म्या काय केलं न्हाई. चूक झाली ती."

"व्हय व्हय, चूकच म्हनायची," दगडोबा म्हणाला आणि सगळे समजुतीनं हसले.

संपतनं बापाकडं पाहिलं. "आबा, तुमी तरी सांगा. तुमीच आला हुता ना, ऊस कवळा हाय म्हनून?"

तात्याबानं नारळ हातात तोलला. "आलो हुतो. मंग घरी गेल्यावर उमगलं मला. पन बोललो न्हाई कुनाला. पोरगा बापासाठी करतो, त्यात लाज कसली?"

वर्षभर हा म्हातारा हे मनात धरून सुखानं झोपला होता! संपतला वाटलं, जमीन फाटावी. कारखाना त्याला चोर म्हणतो म्हणून वाईट वाटत होतं, आता घरचे त्याला चोर म्हणून ओवाळायला आले होते. तो आत जाऊन चुलीपुढं बसला. सुषमा शेजारी येऊन बसली.

जानेवारीत काट्याच्या खिडकीशी जालिंदर आला. हा विरोधी गटाचा संचालक. त्याला ते पॅकेज पाडायचं होतं, संपतशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. "तो रविराज तुमचा दोस्त व्हता म्हनं. त्याचं बी काय तरी असलंच की. एक गोष्ट द्या, पुढल्या मीटिंगला त्याचं पॅकेज गाडीत घालून परत पाठवतो. तुमाला जिन्याखाली बसवतो परत."

निमोण्याची म्हैस संपतच्या जिभेवर आली. खरंच आली, "दूध" एवढा शब्द तोंडातून निघालासुद्धा. मग मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न मारला. संपतनं खाली बघितलं आणि पावती फाडली. "माझ्याजवळ काय न्हाई," तो म्हणाला. जालिंदर गेला. संपतला त्या दिवशी दुपारी भाकरी गेली नाही, कारण आपण किती जवळ आलो होतो ते त्याला ठाऊक होतं.

मे महिन्यात त्यानं पोस्टकार्डं टाकली. सुषमा म्हणाली, "आता कशाला?" तो म्हणाला, "मेळाव्याची ही एक गोष्ट ऱ्हायलीया माझ्याजवळ. ती ऱ्हाऊ दे." बाकं एकट्यानं लावली. चाळीसजण आले, कमी नव्हेत. सकाळचं सत्र चांगलं झालं, चहाही पाऊण तास चालला. रविराज आला नाही, त्याचा विषय कुणी काढला नाही.

बारा वाजता संपतनं दार लावलं. "चला, फजिती."

कुणी उठेना. माणसं छताकडं बघत होती, पेनाचं टोपण काढत घालत होती. एकानं घड्याळाला चावी दिली. संपत गोलातल्या एकेका चेहऱ्यावरून फिरला. पतसंस्थेवाल्यानं नजर चुकवली. प्रत्येकजण शेजाऱ्याला जोखत होता. शेवटी पोपटरावाला राहवलं नाही, तो उठला आणि सत्त्याण्णव सालचा इंडेक्स उडाल्याचा किस्सा सांगितला. सगळ्यांना पाठ असलेला. हसायच्या जागी सगळे हसले. आणखी दोघांनी असलंच काहीतरी सांगितलं, एक तर आठवीत असतानाचं होतं. वीस मिनिटांत तास संपला. संपतनं दार उघडलं.

हात धुवायला तो शाळेच्या नळावर गेला तर मागून पोपटराव आला. आजूबाजूला कुणी नाही हे बघून तो जवळ सरकला. त्याचा चेहरा उतरला होता.

"संपतराव, आत बोललो ते सोडा. औंदा आमच्याकडं लई मोठी चूक झालीया. कुनाला ठावं न्हाई अजून. झोप लागंना मला. तुमच्यावर भरोसा हाय, तुमाला एकट्याला सांगतो..."

संपतनं नळ बंद केला. पूर्वी असता तर त्यानं पोपटरावाला हात धरून तिथंच पायरीवर बसवलं असतं. त्याला काट्याची खिडकी दिसली, आणि आपल्याच तोंडातून निघालेला "दूध" हा एक शब्द आठवला.

"नका सांगू, पोपटराव," तो म्हणाला. "मला बी नका सांगू."

पोपटरावानं नळ परत सोडला आणि हात धुतले. मग दोघं आत गेले आणि पंगतीत शेजारी बसून जेवले.